दारामागची पाटी

आमच्या इमारतीच्या मागच्या दाराने आत आलं, की उजव्या हाताला हजेरीच्या मशीनच्या वर एक लॅमिनेट केलेली पाटी आहे. बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही, ती फक्त इथे काम करणाऱ्यांसाठी आहे. मी लंडनमधल्या एका ऑफिस-इमारतीत फ्रंट-ऑफ-हाउस मॅनेजर आहे. रिसेप्शन, गार्ड, पास, टपालखोली, मालाच्या गाड्या येतात तो लोडिंग बे, हे सगळं माझ्याकडे. इथे रुजू झाले २०२०च्या जानेवारीत. पहिल्याच सकाळी ती पाटी वाचली: ‘सीव्हिअर’.

दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याची ती पातळी ४ नोव्हेंबर २०१९लाच उतरवून ‘सब्स्टॅन्शियल’ केली गेली होती. दोन महिने झाले होते, पाटी तशीच. रोज शे-दीडशे माणसं तिच्याखाली हजेरी लावून पुढे जात होती. मी दारावरच्या गार्डला विचारलं, “या शब्दाचा अर्थ काय?” तो म्हणाला, “धोका जास्त आहे.” मी विचारलं, “मग हा शब्द असताना आपण काय वेगळं करतो?” माणूस अतिशय प्रामाणिक, अकरा वर्षं त्याच दारावर उभा. त्याने खरोखर आठवून पाहिलं आणि म्हणाला, “ते कधी कुणी सांगितलं नाही.”

हा लेख त्या उत्तरामुळे लिहिते आहे.

ब्रिटनमध्ये दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची ‘लो’: हल्ला होण्याची शक्यता फारच कमी. मग ‘मॉडरेट’: होऊ शकतो, पण बहुधा नाही. ‘सब्स्टॅन्शियल’ म्हणजे हल्ला संभवतो. ‘सीव्हिअर’ म्हणजे दाट संभव. आणि ‘क्रिटिकल’ म्हणजे दाट संभव, तोही नजीकच्या काळात. ही पातळी मंत्री ठरवत नाहीत. २००३ साली स्थापन झालेलं एक संयुक्त विश्लेषण केंद्र आहे, ‘जेटॅक’ म्हणतात त्याला. ते एमआय-फाइव्ह या गुप्तचर खात्याच्या मुख्यालयात, थेम्स नदीकाठी बसतं. वेगवेगळ्या खात्यांची माणसं तिथे हाती आलेली माहिती तपासतात आणि पातळी ठरवतात. मतं मागायला जाणाऱ्या माणसाच्या हातात हा काटा नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लोकांची एक गफलत होते. ही पातळी शक्यता सांगते, जागा सांगत नाही. ‘सीव्हिअर’ असताना स्कॉटलंडमधलं खेडं आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट यांना एकच शब्द लागू असतो. त्या शब्दावरून आपल्या दारात काय करायचं, हे दाराच्या मालकानेच ठरवायचं. त्यासाठी बंदोबस्ताच्या तीन पायऱ्या आहेत. ‘नॉर्मल’ म्हणजे रोजचं. ‘हाइटन्ड’ म्हणजे वाढीव, पण महिनोन्‌महिने निभावेल असं. ‘एक्सेप्शनल’ म्हणजे जेवढं शक्य तेवढं सगळं. धोक्याच्या पायऱ्या टीव्हीवर जाहीर होतात, बंदोबस्ताच्या होत नाहीत. होऊही नयेत, कारण आपण कोणतं दार बंद केलं हे जगाला कशाला सांगायचं? पण त्यामुळे झालं असं, की शब्द सगळ्यांना पाठ आणि कृती कुणालाच ठाऊक नाही.

धोक्याच्या पातळीचा हा शब्दही पूर्वी गुप्तच असायचा. ७ जुलै २००५च्या सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेत तीन आणि टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला ३० नंबरच्या बसमध्ये एक, असे चार स्फोट झाले. ५२ माणसं गेली. मला इथे येऊन वर्षच झालं होतं. त्या दिवशी संध्याकाळी सगळं लंडन पायी घरी निघालं होतं. बोलणं नाही, फक्त पावलांचा आवाज. नंतर कळलं, की धोक्याची पातळी त्याच मे महिन्यात एक पायरी खाली आणलेली होती. संसदेच्या गुप्तचर समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला. तेव्हा हाती असलेल्या माहितीवरून पातळी उतरवणं गैर नव्हतं, पण ही व्यवस्था लोकांपुढे अधिक उघडी असायला हवी, असं समितीचं म्हणणं पडलं. १ ऑगस्ट २००६पासून पातळी जाहीर होऊ लागली. नऊच दिवसांनी, १० ऑगस्टला, ती ‘क्रिटिकल’वर गेली. विमानात द्रवरूप स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला होता. विमानतळावर शांपूची १०० मिलीची बाटली पारदर्शक पिशवीत घालायचा नियम आला, त्याचं मूळ त्या दिवसात आहे.

त्याआधी १९७० पासून ब्रिटनच्या लष्करी छावण्यांवर आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये ‘बिकिनी स्टेट’ नावाची पाटी असे: पांढरी, काळी, खास काळी, पिवळसर, लाल. अमेरिकेने २००२ साली हिरव्यापासून लालपर्यंत पाच रंग काढले आणि २०११ मध्ये गुंडाळून ठेवले. नऊ वर्षांत हिरवा आणि निळा हे खालचे दोन रंग एकदाही लागले नाहीत. वरच्याच रंगांत राहणाऱ्या पट्टीकडे लोक किती दिवस बघणार?

माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा दिवस २४ मे २०१७. तेव्हा मी दुसऱ्या इमारतीत होते. २२ तारखेच्या रात्री मँचेस्टर अरीनामध्ये गाण्याचा कार्यक्रम संपून पोरं बाहेर पडत असताना एकाने स्वतःला उडवून दिलं. २२ बळी, त्यांत कितीतरी मुलं. दुसऱ्या रात्री पंतप्रधान थेरेसा मे यांनी पातळी ‘क्रिटिकल’ झाल्याचं सांगितलं. पोलिसांच्या काही जागा सैनिकांनी घेतल्या, म्हणजे हत्यारी पोलिस रस्त्यावर मोकळे होतील. बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहाऱ्याचा सोहळा २४ला रद्द झाला.

मी पहाटे पावणेसहाला पोचले. नशिबाने त्या इमारतीत कुणीतरी शहाण्या माणसाने आधीच एक कागद करून ठेवला होता: पातळी चढली तर काय करायचं. दोन दारांपैकी एक बंद. पास मशीनला लावला तरी गार्डने हातात घेऊन फोटो आणि चेहरा ताडून पाहायचा. कुरिअरवाल्याने बाहेरच थांबायचं, पाकीट घ्यायला आतला माणूस खाली येईल. आदल्या दिवशी नंबर कळवलेला नसेल तर गाडी लोडिंग बेमध्ये घ्यायची नाही. सकाळी उघडण्याआधी आणि रात्री बंद करण्याआधी पूर्ण झडती: स्वच्छतागृहं, जिन्याखालची जागा, आगीच्या नळाची कपाटं, कुंड्यांच्या मागे. कपाट पाहून झालं की त्याला प्लास्टिकचं सील, म्हणजे पुढच्या फेरीला सील तुटलेलं आहे का एवढंच पाहायचं. फेऱ्यांच्या वेळा रोज वेगळ्या. आठ वाजता लोक यायला लागले तेव्हा दारापासून फुटपाथवर रांग गेली. मग लक्षात आलं, की दार जपण्याच्या नादात आपण शंभर माणसं उघड्यावर उभी केली आहेत. ते त्या कागदात नव्हतं. मी बंद केलेलं दार पुन्हा उघडलं, तिथे एक गार्ड दिला आणि रांग आत लॉबीत वळवली.

शनिवारी, २७ला, पातळी परत ‘सीव्हिअर’वर आली. त्या चार दिवसांत गार्डनी बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. चौथ्या दिवशी त्यांतला एक माझ्यासमोर एकच कपाट दोनदा तपासून गेला आणि त्याला ते कळलंही नाही. सगळ्यात वरची पायरी जास्त दिवस टिकवता येत नाही, ती कमीत कमीच वापरायची असते, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून शिकले. आणि पातळी उतरली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचा नसतो, हे पुढच्या शनिवारी शिकले. ३ जूनला लंडन ब्रिजवर आणि बरो मार्केटमध्ये हल्ला झाला, आठ जण गेले. त्या दिवशी पातळी ‘सीव्हिअर’ होती, म्हणजे एक पायरी उतरलेली.

मँचेस्टरच्या चौकशीचा अहवाल मी पूर्ण वाचला. निवृत्त न्यायमूर्ती सर जॉन सॉन्डर्स यांच्यापुढे ही चौकशी चालली आणि सुरक्षेबद्दलचा तिचा पहिला खंड २०२१च्या जूनमध्ये आला. देशाची पातळी ऑगस्ट २०१४ पासून, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, ‘सीव्हिअर’वर होती. शब्द जागेवर होता. आणि अरीनाबाहेरच्या मोकळ्या जागेत हल्लेखोर पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कोपऱ्यात बसून राहिला. मुलीला न्यायला आलेल्या एका गृहस्थाला तो खटकला. गृहस्थाने जाऊन त्याला हटकलंही आणि मग तिथल्या एका पोरसवदा कर्मचाऱ्याला सांगितलं. स्फोटाला तेव्हा सुमारे पंधरा मिनिटं होती. कर्मचाऱ्याचं म्हणणं नियंत्रणकक्षापर्यंत गेलं नाही. दुसऱ्या एका तरुण गार्डने वॉकीटॉकीवर प्रयत्न केला, पण लाइन मिळाली नाही. आणि संशय चुकीचा निघाला तर आपल्याला वंशद्वेष्टा म्हणतील, ही भीती त्याच्या मनात होती, असं त्याने चौकशीत सांगितलं.

ते पान वाचल्यापासून मी माझ्या गार्डना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. तुमचा संशय शंभरदा चुकीचा निघाला तरी मी शंभरदा ऐकेन. मी सावळी आहे, माझे अर्धे गार्ड आफ्रिकेतले आहेत. रंगावरून संशय घेतला जाणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून माणसाच्या चेहऱ्याकडे बघू नका, तो काय करतो आहे ते बघा, असं मी म्हणते. कडक उन्हात जाड कोट का? तिसऱ्यांदा तोच दरवाजा का पाहून गेला? कॅमेऱ्याचे फोटो का काढतो आहे? जवळ जायचं आणि हसून विचारायचं, “मी काही मदत करू?” ज्याचं काम आहे त्याला मदत मिळते. ज्याचं नाही, त्याला कळतं की आपल्याला कुणीतरी पाहिलं.

बेवारस वस्तूचंही तसंच. इथे रेल्वे पोलिसांनी रुळवलेली तीन प्रश्नांची पद्धत आहे. वस्तू मुद्दाम लपवलेली आहे का? उघड उघड संशयास्पद आहे का, म्हणजे वायरी, बॅटरी, चिकटपट्टी असं काही दिसतं का? आणि अशा जागी अशी वस्तू साधारणपणे असते का? दोन वर्षांपूर्वी आमच्या रिसेप्शनमध्ये सोफ्याच्या मागे निळी सॅक दिसली. गार्डने हात लावला नाही. आधी मोठ्याने विचारलं, “कुणाची आहे?” उत्तर नाही. मग त्याने वाकून पाहिलं: सोफा आणि भिंत यांच्या फटीत, पण लपवलेली वाटत नव्हती, वरचा कप्पा उघडा, त्यातून पाण्याची बाटली आणि केळ्याचं टोक दिसत होतं. त्याने मला बोलावलं, मी कॅमेऱ्याचं चित्रण मागे नेलं. मुलाखतीला आलेला एक मुलगा ती ठेवून वर गेला होता. सगळं मिळून सहा मिनिटं. संशय राहिलाच असता, तर छोट्या सॅकसाठी सगळ्यांना १०० मीटर लांब न्यायचं, मोटारीसाठी २००, ट्रकसाठी ४००, आणि वस्तूपासून पंधरा मीटरच्या आत वॉकीटॉकी किंवा मोबाइल वापरायचा नाही. हे आकडे आमच्या प्रत्येक गार्डला झोपेतही सांगता आले पाहिजेत, असा माझा आग्रह आहे.

मी दादरची. १२ मार्च १९९३ला, मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांच्या दिवशी, कॉलेजात होते. प्लाझा थिएटरजवळ स्फोट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली माणसं खराट्याने काचा गोळा करत होती, तो आवाज अजून कानात आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी लंडनचा नाही. दरवर्षी हिवाळ्यात मुंबईला येते तेव्हा टीव्हीवर ‘मुंबईत हाय अलर्ट’ ही पट्टी हमखास दिसते. भारतात लोकांसाठी जाहीर केलेल्या पायऱ्या नाहीत. इंटेलिजन्स ब्युरोच्या मल्टी एजन्सी सेंटरकडून राज्याच्या पोलिसांकडे सूचना जातात, नाकाबंदी वाढते, स्टेशनवर कुत्री फिरतात. काही ठिकाणी सूचना आणि कृती यांची सांगड पक्कीही असते. २६ जानेवारीच्या आसपास विमानात चढताना शिडीपाशी दुसऱ्यांदा तपासणी होते, ती मी स्वतः दिली आहे. पण स्टेशनच्या दारातल्या चौकटीतून गर्दी जाते, प्रत्येक माणसाला ती ‘पीं’ करते आणि कुणीच थांबत नाही, थांबवतही नाही. मॉलच्या दारातल्या मुलीला मी एकदा विचारलं, “पर्समध्ये काय शोधतेस गं?” ती ओशाळली आणि म्हणाली, “ताई, उघडून बघायची एवढंच सांगितलंय.” माझ्या गार्डचंच उत्तर, फक्त मराठीत.

२६/११च्या हल्ल्याआधी ताज हॉटेलला इशारा मिळाला होता, बंदोबस्त वाढवला होता आणि मग तो सैल झाला, हे रतन टाटांनीच त्या दिवसांत मुलाखतीत सांगितलं होतं. मी हे वाचून कुणाला दोष देत नाही. अनिश्चित काळ ताठ उभं राहणं कुणालाच जमत नाही, मी चार दिवसांत पाहिलं आहे. म्हणून मधली पायरी नीट ठरवावी लागते, रोज पेलेल अशी. माझ्या मते मुंबईच्या प्रत्येक मोठ्या इमारतीत, थिएटरात, हॉलमध्ये निदान दोन ओळींचा कागद असावा: एरवी काय करतो, आणि पोलिसांनी सांगितलं तर त्यात काय वाढवतो. आणि तो कागद दारावरच्या माणसाला समजेल अशा भाषेत असावा. त्या माणसाचा पगार इमारतीतला सगळ्यात कमी असतो आणि सगळ्यात आधी गाठ पडते ती त्याचीच.

आमच्या पाटीवर आता शब्दाखाली तीन ओळी आहेत. त्या मी लिहिल्या नाहीत, गार्डनी बसून लिहिल्या. पातळी बदलली की पाटी बदलते आणि ज्याची पाळी असेल त्याने त्या ओळी हजेरीच्या वेळी मोठ्याने वाचायच्या.

ब्रिटनमध्ये आता अशा तयारीचा कायदाही झाला आहे. मँचेस्टरला बळी गेलेल्या मार्टिन हेट या तरुणाच्या आईने, फिगेन मरी यांनी, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ३ एप्रिल २०२५ला कायद्याला मंजुरी मिळाली. लोक त्याला ‘मार्टिन्स लॉ’ म्हणतात. तयारीसाठी किमान २४ महिने दिले आहेत. जिथे एका वेळी २०० ते ७९९ माणसं जमण्याची शक्यता आहे, तिथे चार गोष्टी ठरलेल्या हव्यात: माणसं बाहेर कशी काढायची, बाहेर धोका असेल तर आत कशी घ्यायची, दारं कशी लावायची आणि सगळ्यांना सांगायचं कसं. महागडी यंत्रं घ्या असं या जागांना कायदा म्हणत नाही. ८०० आणि त्यापुढच्या जागांना नियम अधिक कडक आहेत.

दोनशे ते आठशे, म्हणजे आमचा गणपती. दरवर्षी आम्ही मराठी मंडळी एक हॉल भाड्याने घेतो, चारशेच्या आसपास माणसं येतात. गेली काही वर्षं दार माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी पिशव्या बघायला लागले तेव्हा एक मावशी रागावल्या. “अगं, मला ओळखत नाहीस का तू?” मी म्हटलं, “ओळखते ना मावशी, म्हणूनच आधी तुमची बघते. तुम्ही दाखवलीत की मागचा कुणी नाही म्हणणार नाही.” त्यांनी पिशवी उघडली. वर केळीच्या पानात बांधलेले मोदक होते. त्या दिवसापासून त्याच रांगेत पहिल्या उभ्या राहतात.

गेल्या गणपतीत आरतीच्या आधी तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. “ताई, स्टेजच्या बाजूला एक लांब काळी बॅग आहे. मी चार जणांना विचारलं, कुणाचीच नाही म्हणतात.” तिच्या आईने मागून हात धरला, “अगं, असेल कुणाची तरी.” मी वाती लावायचं थांबवायला सांगितलं आणि मुलीबरोबर गेले. स्टेजच्या कडेला, पडद्याच्या आडोशाला बॅग होती. मी माइकवर विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेर पार्किंगमधून ढोलपथकातला एक मुलगा धावत आला. आत ढोलाची टिपरं होती, वीस-पंचवीस. मी त्या मुलीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, वहीत लिहिलं, ‘स्टेजजवळ काळी बॅग, ७.४०, पाहिली, मालक सापडला’, आणि खाली तिची सही घेतली. मग आरती सुरू झाली.